दहा फोटो मनोरला गेले

आमच्या घरात फोटो दोनच प्रकारचे असायचे. एक मेलेल्या माणसाचा, हार घालून भिंतीला टांगलेला. दुसरा लग्नाच्या मुलीचा, पाकिटात घालून गावोगाव धाडलेला. माणूस काम करतोय, जेवतोय, दुपारचा आडवा झालाय, त्याचाही फोटो काढायचा असतो हे कोणाच्या डोक्यातसुद्धा नव्हतं. मी तसे काढले, एका आठवड्यात बारा. त्यातून पुढे जे झालं ते आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. वय झालं की माणूस निवतो म्हणतात. मी काही निवलेली नाही.

तेव्हा पालघर जिल्हा झालेला नव्हता, ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं. बोईसर स्टेशनात रोज नवी माणसं उतरायची, लोखंडी ट्रंका डोक्यावर घेऊन, आणि भाड्याची खोली शोधत आमच्याकडच्या वाड्यांमधून फिरायची. आमची वाडी त्याच रस्त्याला. पुढे नारळ, मग चिकू, आणि अगदी मागे, कुंपणात, पानवेलींचा मळा. घरात आई, बाबा, ताई आणि मी. काका शेजारच्या घरात. पडवीला लागून एक खोली होती, ती बाबांनी साताऱ्याकडच्या एका ओव्हरसियरला आणि त्याच्या बायकोला दिली होती.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती चार वर्षांची असताना चुलीवरची कढत पेज तिच्या अंगावर कलंडली. डाव्या गालापासून गळ्यापर्यंत कातडी सुरकुतलेली राहिली, जरा चकाकणारी. आम्हाला घरात तो डाग दिसायचा नाही, रोजच्या माणसाचं काय दिसतं. तिचं लग्न काढलं आणि एकाएकी सगळ्यांना तेवढाच दिसायला लागला.

काकांनी तिला पालघरच्या एका स्टुडिओत नेलं. मागे रंगवलेला पडदा, त्यावर राजवाड्याचा जिना. त्या जिन्यापुढे ताईला खुर्चीत बसवून फोटो काढला, आणि मग त्या स्टुडिओवाल्याने निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून डाग पुसला. त्या काळी सगळेच स्टुडिओवाले करायचे हे. काळ्याला गोरं करायचे, देवीचे व्रण बुजवायचे, त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. फोटो घरी आला तेव्हा ताईचा डावा गाल बाहुलीसारखा गुळगुळीत होता. गाल साफ करण्याच्या नादात स्टुडिओवाल्याने तिच्या कानातली कुडीही अर्धी खाल्ली होती. काका खूश. म्हणाले, आता कोण नाव ठेवतो ते बघू. ताईने फोटो हातात घेतला, पाहिला आणि विचारलं, "छान हाय. कोण ही?" काकांनी फोटो तिच्या हातातून घेऊन पाकिटात घातला.

त्या फोटोवर पहिलं स्थळ आलं चिंचणीकडचं. मुलगा, त्याचा बाप आणि एक आत्या. ताई चहा घेऊन आली, पाटावर बसली, पदर गालावर ओढून. ती आत्या उठली, जवळ आली, आणि एका बोटाने तिचा पदर बाजूला सारला. भाजी घेताना पाला बाजूला करून बघतात तसा. "फोटोत तर हे नव्हतं," म्हणाली. एवढंच. तिघं उठली, चहाला तोंड न लावता निघून गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या आत्याचा राग आलाच, पण तिचं एक खरं होतं. फोटोत नव्हतं. ज्यांनी ते पुसून घेतलं ते आमच्याच ओटीवर मान खाली घालून बसले होते, जसं काही ताईनेच कोणाला फसवलं.

पण शहाणपण आलं असेल तर शपथ. महिन्याभरात काकांनी मनोरचं स्थळ काढलं. गवताची मोठी वखार, शेती, बारा-पंधरा माणसांचं कुटुंब, मुलगा एकुलता नसला तरी सरळ. आणि पाठवायचा फोटो कोणता, तर त्याच बाहुलीची दुसरी प्रत. काका आईला सांगत होते, "या खेपेला तिला उजवीकडे तोंड करून बसव, आणि ती खिडकी लोटून घे." मी मध्ये पडले. म्हटलं, लग्नानंतर जन्मभर खिडकी लोटून ठेवणार का? बाबा म्हणाले, "तू गप ऱ्हा. तुझं पण व्हायचं हाय अजून." आमच्या घरात मुलीचं तोंड बंद करायला हे एवढं वाक्य पुरायचं.

त्याच सुमाराला ओव्हरसियर आठवड्याच्या रजेवर गावी निघाला. त्याच्याकडे एक बॉक्स कॅमेरा होता, काळा, डब्यासारखा. त्याच्या बायकोला मी शिवण शिकवायची, कारण मी स्वतः पालघरला शिवणाच्या वर्गाला जायची. निघताना त्याने कॅमेरा माझ्यापुढे ठेवला. "रोल भरलेला हाय. ह्या खाऱ्या हवंत पडून खराब व्हायचा. तुमीच संपवा. पाठ उन्हाकडं करायची, डबा पोटाशी धरायचा, श्वास रोखायचा आन् दाबायचं. बारा हायेत." मी म्हटलं, कशाचे काढू? तो म्हणाला, "काय बी काढा की."

तो आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला आठवडा होता, हेही सांगितलं पाहिजे. सोमवारी मी बाबांचे पाय काढले. पानमळ्यात चपला घालून कोणी जात नाही, वेली विटाळतात म्हणतात. बाबा कुंपणाच्या दारात चपला काढून आत पाऊल टाकत होते, तेवढंच. मंगळवारी आईबरोबर मुरब्याला सुकी मासळी आणायला गेले. ओहोटी होती. काठीवर बोंबील वाळत घातलेले, आणि पलीकडे चिखलात बगळे. तिथल्या बायका म्हणाल्या, "आमचा नको काढू गो, आवक्ष कमी होतं." एक म्हातारी मात्र टोपली खाली ठेवून मुद्दाम उभी राहिली. म्हणाली, "माजं काय कमी होणार हाय आता, काढ." बुधवारी बोईसरच्या वाटेवर मोळी घेऊन निघालेली एक बाई, पाठमोरी. शुक्रवारी ताडांच्या डोक्यावरून दिसणारी बांधकामावरची क्रेन.

गुरुवारी आईचा. ती दुपारी स्वयंपाकघराच्या दारात, गार जमिनीवर, हात उशाला घेऊन झोपली होती. शेजारी सूप, सुपात निवडायचे तांदूळ. तोंड किंचित उघडं. दिवसातली तेवढीच तिची अर्धी घटका. आवाजाने ती जागी झाली आणि कळल्यावर चिडली. "लगीन नाय, मर्तिक नाय, कसले फोटो काढते ही?" मी हसले. मला वाटलं, चिडते ती माझ्या खर्चिकपणावर.

आणि शनिवारी ताईचा. ती ओटीवर बसून पानांच्या जुड्या लावत होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पदर कमरेला, डोकं उघडं. पान लावण्यात ताईचा हात कोणी धरू शकत नसे. न बघता लहान-मोठं पान तिच्या बोटांना कळायचं. मी डबा पोटाशी धरून उभी, आणि मागून आमची शेळी माझ्या वेणीचं टोक चावायला लागली. ताईने वर पाहिलं आणि ती हसली. तिरपं ऊन सरळ तिच्या डाव्या गालावर होतं. मी दाबलं.

रोल धुवायला मला तोच एक स्टुडिओ ठाऊक होता. शिवणाच्या वर्गानंतर प्रती आणायला गेले. स्टुडिओवाल्याने पाकीट पुढे सरकवलं. "बाई, हे काय काढलंत? पाय काय, सूप काय. सगळा रोल वाया घातलात." बारातले दोन गेलेच होते, एकात माझा अंगठा आला होता आणि एकावर दुसरा चढला होता. राहिले दहा. त्याने त्यातला ताईचा वर काढला, डोळ्याजवळ नेला आणि म्हणाला, "हिचा गाल साफ करून देऊ का? चेहरा चांगला आहे, उगाच जातोय." मी त्याच्या हातातून फोटो जवळजवळ ओढून घेतला. म्हटलं, तुम्ही पेन्सिल घरी ठेवा. तो हसला. त्याला वाटलं असेल, पोर चक्रम आहे.

बाहेर एसटीच्या थांब्यावर बाकावर बसून मी ते दहाही फोटो पाहिले. मला तेव्हा वाटलं ते अजून जसंच्या तसं आठवतं. वाटलं, हे आमचं घर आहे. हे असं आहे. ताई अशी आहे. ज्याला हवी त्याने ही बघून यावं, नको त्याने घरी बसावं.

आणि माझ्या पिशवीत मनोरचं पाकीट होतं. बोईसरला टपाल रेंगाळतं म्हणून काकांनी ते पालघरच्या पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं होतं. मी शिवणाच्या सुईने त्याची चिकटवलेली बाजू सोडवली. आतली बाहुली काढली, फाडली आणि गटारात टाकली. मग दहाही फोटोंच्या मागे पेन्सिलीने वार लिहिले, सोमवार, मंगळवार, असे, आणि ताईच्या मागे लिहिलं, "शनिवार. मुलगी." सगळे आत सरकवले. बारा आण्यांचं धाडस नव्हतं ते, मोठं होतं, आणि मला त्याची घमेंड होती. घरी आले तेव्हा मी गुणगुणत होते. ताईने विचारलं, आज काय विशेष? मी काही नाही म्हटलं. आयत्या वेळी कळेल, खूश होईल, असा माझा हिशेब.

आठ दिवसांत मनोरहून पत्र आलं. फोटो मिळाले, रविवारी येतो. काकांना "फोटो" या शब्दात काही खटकलं नाही. मी आतल्या आत फुगले होते. बघा म्हटलं, डाग बघून येतायत. माणसं असतात अशी.

रविवारी पाच बाप्ये आले. मुलगा, त्याचा बाप, दोन चुलते, एक शेजारी. आईने खिडकी लोटून घेतली होती, मी ती उघडली. काका डोळे वटारून बघत होते, पण पाहुण्यांसमोर बोलता येईना. ताई आत चहा गाळत होती. मुलाच्या बापाने खिशातून पाकीट काढलं आणि चटईवर दहा फोटो पसरले. मग ते उचलून हातोहात फिरवायला लागले.

बाबांनी पहिला हातात घेतला आणि त्यांना आपलेच पाय दिसले. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

"ही कोण झोपलेली?" एका चुलत्याने विचारलं. "मुलीची आई काय?" फोटो शेजाऱ्याकडे गेला, तो हसला, त्याने तोंड उघडं टाकून झोपेची नक्कल केली, बाकीचे हसले. हसणं वाईट नव्हतं, घरोब्याचं होतं, आणि म्हणून जास्त वाईट होतं. आई दाराआडच उभी होती. तिने पदर तोंडाशी नेला आणि आत गेली.

मग ताईचा फोटो निघाला. तो पाचही जणांकडून फिरला, परत पहिल्याकडे आला. मुलाच्या बापाने तो उजेडाकडे धरला, मी उघडलेल्या त्या खिडकीच्या उजेडाकडे, आणि म्हणाला, "डाग हाय. आमी बघितला. आमी काय डागाला भीत नाय. वखारीवर पंधरा गडी, त्यांच्या भाकऱ्या, गोठा, शेती. नाजूक पोरगी घेऊन आमाला काय करायची हाय? मी घरात सांगितलं, तोंड नका बघू, हात बघा." त्याने बोट ठेवलं ते ताईच्या बोटांवर. "आन् डागाची हाय म्हणजे माहेरी पळायची पण नाय."

मी दाताखाली जीभ चावली. आजही तो माणूस समोर आला, म्हणजे तो आता नसेलच, पण आला तर मी त्याला सोडणार नाही. पण त्याच्यापेक्षा जास्त राग मला बाबांचा आला. बाबांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. ते सरसावून बसले आणि बोलायला लागले. "पाचला उठते. एका दिवसात दोन करंड्या पान एकटी लावते. आजारी म्हणून कधी पडली नाय." ज्या माणसाने तिच्या तोंडावर कधी एक बरा शब्द काढला नव्हता, तो बैलाचे दात दाखवावेत तसे तिचे गुण दाखवत होता. काका मान डोलवत होते. मुलगा खाली बघत होता. त्याने एकदाही वर पाहिलं नाही, आणि त्याचाही मला राग आला, फुकट, कारण त्याला तरी कोणी काय विचारलं होतं.

ताई चहाचं तबक घेऊन दारात उभी होती. किती वेळ, कोणास ठाऊक. तिने पदर गालावर घेतला नव्हता. तबक तिने चटईच्या मधोमध ठेवलं आणि सरळ झाली. मग पहिल्या माणसापुढे तळहात पुढे केला. त्याला कळेना. त्याच्या हातात मोळीवाल्या बाईचा फोटो होता, तो तिने घेतला. मग दुसऱ्यापुढे गेली. एकेकाच्या हातातून एकेक फोटो काढून घेत ती सगळ्यांसमोरून फिरली, बाबांच्या हातातला त्यांचाच पायांचा फोटोसुद्धा घेतला. मुलाच्या बापाने तिचा फोटो जरा घट्ट धरला होता. ती वाट बघत उभी राहिली. त्याने दिला.

"चहा घ्या तुमी," ती म्हणाली. "मी नाय यायची."

बाबा ओरडले. काका उठून उभे राहिले. ताई मागल्या दाराने गेली. पाहुणे चहा पिऊन गेले, शांतपणे, व्यवहार न जमल्यावर जातात तसे. त्यानंतर घरात जे झालं ते मी सांगत बसत नाही. मला दोन थोबाडीत बसल्या, त्या मी खाल्ल्या. माझ्या मते मी जिंकले होते. बाहुली पाठवली असती तर पुन्हा चिंचणीची आत्या झाली असती. इथे निदान ताईने त्यांना नकार दिला, त्यांनी तिला नाही.

हे तिला सांगायला मी मागे धावले. ती केळींजवळच्या धुण्याच्या दगडावर बसली होती, फोटो मांडीवर. म्हटलं, बरं केलंस ताई, मेल्यांना चांगली अद्दल घडली. आईचा फोटो तिने उलटा करून बाजूला ठेवला.

"आय आत रडते," ती म्हणाली. "परक्या बाप्यांनी तिला झोपेत बघितली."

मला राग आला. मी इतकं सगळं तिच्यासाठी केलं आणि हिला आईचं पडलंय. मी तावातावाने बोलले. स्टुडिओवाला खोटारडा, काका खोटारडे, बाबा भित्रे, मी एकटीने खरं ते पाठवलं. कोणी केलं असतं एवढं तुझ्यासाठी?

"त्यांनी डाग पुसला, मला विचारलं नाय," ती म्हणाली. "तू डाग धाडला. तू तरी कुठं विचारलं?"

आम्ही दोघी एकाच खोलीत झोपायचो. एका सतरंजीवर. पाकीट टाकल्यापासून पत्र येईपर्यंत आठ दिवस गेले होते, आणि पत्र आल्यापासून रविवारपर्यंत आणखी चार.

ती एकेक फोटो बघत होती. म्हातारीचा, बगळ्यांचा, क्रेनचा. सगळ्यात शेवटी तिने स्वतःचा काढला आणि दोन्ही हातांनी धरला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मनोरच्या वखारीत तो फोटो सगळ्या घराने पाहिला असेल, गड्यांनीही पाहिला असेल, आणि ताई तो आत्ता पहिल्यांदा बघत होती. मी तो तिला दाखवलाच नव्हता.

तिने गालावरच्या उन्हाकडे पाहिलं, स्वतःच्या हसण्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग मांडीवर ठेवून हाताने साफ केला, धूळ नव्हती तरी.

"चांगला आलाय गो," ती म्हणाली. "मला दिला असता, तर मीच पाठवला असता."